प्रादेशिक इतिहासकार वसंत मून : लेखन आणि संपादनकार्य

पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुटजवळ घोटावडे फाटा लागतो. मुळशी तालुक्यातील घोटावडे या गावाने त्या फाट्याला आपले नाव दिले आहे. मुळशी तालुका इतिहासाला अपरिचित नाही. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्या लढ्यातील एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला, आणि पुढे १९९४ साली प्रा. राजेंद्र व्होरा यांनी त्याच विषयावर अभ्यासपूर्ण ग्रंथ सिद्ध केला. परंतु या तालुक्यातील घोटावडे किंवा त्यासारखे कोणतेही गाव घेतले आणि त्याच्या गावकुसाबाहेरील वस्तीचा इतिहास विचारला, तर उत्तर देणारा सहसा भेटत नाही. कोणी असेही म्हणेल की एवढ्याशा वस्तीला इतिहास तो कसला?

हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत दडलेली आहे. गावाचा इतिहास लिहू पाहणारा मनुष्य प्रथम वाडा, देऊळ, पाटीलकी आणि इनाम यांच्या कागदांकडे वळतो. त्या कागदांत आपली माणसे येतात ती वेठ करणारी म्हणून, सांगावा नेणारी म्हणून, शिवेच्या तंट्यात साक्ष देणारी म्हणून. गावाची शीव कोठे आहे हे ज्याला विचारल्यावाचून ठरत नसे, त्याचा स्वतःचा वृत्तान्त मात्र कोणी लिहून ठेवला नाही. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांना इतिहास नाही, असे मग ठरून गेले. या समजुतीला ज्यांनी आपल्या आयुष्यभराच्या कामाने उत्तर दिले, त्यांत नागपूरचे वसंत मून (१९३२–२००२) यांचे स्थान मोठे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्यांच्या जीवनकार्याचा विचार प्रादेशिक इतिहासाचे लेखक आणि ग्रंथांचे संपादक-प्रकाशक या दोन अंगांनी करणार आहोत. ही दोन अंगे वेगळी नाहीत, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. ज्या समाजाचे दप्तर दुसऱ्या कोणी राखलेले नसते, त्या समाजातील इतिहासकाराला आधी दप्तरदार व्हावे लागते, मग संपादक, आणि शेवटी लेखक.

१. महारपुऱ्यातील घडण

वसंत मून यांचा जन्म नागपुरात झाला. सीताबर्डीलगतची महारपुरा ही वस्ती, जिला पुढे आनंदनगर हे नाव मिळाले, तेथे त्यांचे बालपण गेले. आईच्या कष्टावर घर चालत होते. दारिद्र्य होते, उपासमार होती. पण त्या वस्तीत भजनी मंडळ होते, कुस्तीचा आखाडा होता, समता सैनिक दल होते, निवडणुकीची धामधूम होती आणि बाबासाहेबांच्या प्रत्येक शब्दाची वाट पाहणारी माणसे होती. मून यांच्या इतिहासदृष्टीचे बीज येथे आहे, असे आमचे मत आहे. त्यांनी लहानपणी जे पाहिले ते केवळ दुःख नव्हते. दुःखाशी संघटितपणे झुंजणारा समाज त्यांनी पाहिला. अशा समाजाला इतिहास नाही, हे विधान त्यांना कोणी पटवू शकले नसते.

त्या वस्तीसमोरच इतिहास घडत होता. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि तीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. त्याच वेळी भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. चौदा वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच नगरीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला. शिक्षण घेऊन मून शासनाच्या महसूल खात्यात अधिकारी झाले. ही नोकरी इतिहासाच्या अभ्यासाला परकी नव्हती. महसूल खात्यातील मनुष्याला कागदाची किंमत कळते. नोंद कोणी केली, कधी केली, कोणाच्या सांगण्यावरून केली आणि ती खोडली गेली असेल तर का, हे प्रश्न त्याच्या अंगवळणी पडलेले असतात. चळवळीची कळकळ आणि दप्तराची शिस्त या दोन गोष्टी एका ठिकाणी क्वचितच आढळतात. मून यांच्या ठायी त्या एकत्र आल्या.

२. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा शोध

‘मध्यप्रांत-वऱ्हाडातील डॉ. आंबेडकरपूर्व दलित चळवळ’ हा मून यांचा ग्रंथ १९८७ साली पुण्याच्या सुगावा प्रकाशनाने प्रसिद्ध केला. विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी चालविलेल्या या प्रकाशनसंस्थेचे आंबेडकरी वाङ्मयावरील ऋण वाचकांस ठाऊक आहेच. ग्रंथाच्या नावातच लेखकाची भूमिका स्पष्ट होते. बाबासाहेबांच्या पूर्वी चळवळ होती, ती अमुक एका प्रदेशात होती, आणि तिचा स्वतंत्र अभ्यास झाला पाहिजे. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९८४ साली, ह. ल. कोसारे यांचा ‘विदर्भातील दलित चळवळीचा इतिहास’ हा ग्रंथ नागपुरातच प्रकाशित झाला होता. म्हणजे त्या दशकात विदर्भातील अभ्यासक आपल्या प्रदेशाचा हिशेब नीट मांडू लागले होते.

नागपूर प्रांताची परिस्थिती पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळी होती. पुणे-सातारा भागात महार समाज मुख्यतः वतनाच्या साखळीने गावगाड्याशी बांधलेला होता. नागपूरकडे हातमागावर जाडेभरडे कापड विणणे हा या समाजातील अनेकांचा धंदा होता. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडाने हातमागाचा धंदा खालावला. पण त्याच गिरणीने नगद मजुरी आणि शहरातील एकवटलेली वस्तीही दिली. नगद मजुरी मिळविणारा मनुष्य गावच्या पाटलाकडे बलुत्यासाठी हात पसरत नाही. तो वर्गणी देऊ शकतो, सभा भरवू शकतो, वृत्तपत्र विकत घेऊ शकतो. चळवळीच्या उदयामागे अशी आर्थिक कारणे असतात, आणि ती प्रदेशागणिक बदलतात. म्हणूनच सबंध देशाचा एकच सरधोपट इतिहास पुरा पडत नाही.

या भूमीवर उभी राहिलेली माणसे हा मून यांच्या ग्रंथाचा विषय आहे. नागपूर जिल्ह्यातील मोहप्याचे किसन फागू बनसोडे (१८७९–१९४६) यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रे एकामागून एक काढली. पैशाअभावी एक पत्र बंद पडावे आणि काही वर्षांनी दुसरे सुरू व्हावे, असा हा क्रम होता. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. बनसोडे यांची पत्रकारिता त्यापूर्वी सुमारे दहा वर्षे सुरू झाली होती. विठोबा रावजी मून पांडे यांनी समाजसुधारणेच्या कामाला संस्थेचे रूप दिले. गोंदियाचे कालीचरण नंदागवळी मध्यप्रांताच्या विधिमंडळात पोहोचले. अमरावतीचे गणेश आकाजी गवई यांनी राजकीय हक्कांची मागणी लावून धरली. १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान राजर्षी शाहू महाराजांनी भूषविले. ही परिषद एखाद्या ओसाड माळावर अकस्मात उगवलेली नव्हती. तिच्यामागे दोन दशकांची मशागत होती.

या नामावळीत एक अडचणीची बाब आहे, आणि तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस आवश्यक वाटते. यांतील सर्वजण पुढे बाबासाहेबांच्या मार्गाने गेले नाहीत. गवई १९३२ च्या राजा-मुंजे कराराच्या बाजूला राहिले आणि त्यांनी संयुक्त मतदारसंघाचा पुरस्कार केला. बनसोडे यांचा ओढा चोखोबांच्या भक्तिपरंपरेकडे राहिला आणि धर्मांतराची घोषणा झाल्यावर त्यांनी तिला साथ दिली नाही. श्रद्धेने लिहिणाऱ्या लेखकाला अशी माणसे गाळून टाकण्याचा मोह होऊ शकतो. मून यांची बाबासाहेबांवरील निष्ठा वादातीत होती. तरीही त्यांनी या माणसांनाच आपल्या ग्रंथाचा विषय केले. पुढे वाट वेगळी झाली म्हणून आधी चाललेली वाट पुसून टाकायची नसते. इतिहासकाराच्या प्रामाणिकपणाची ही कसोटी आहे.

या प्रादेशिक इतिहासाने एका मोठ्या प्रश्नाला नवा आयाम दिला आहे. धम्मदीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हा तो प्रश्न. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात त्याचे उत्तर दिले : बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी आहे. हे उत्तर प्राचीन इतिहासाचे आहे, आणि ते आपल्या ठिकाणी पूर्ण आहे. मून आणि कोसारे यांच्या ग्रंथांतून त्याला आधुनिक इतिहासाची जोड मिळते, असे आम्हांस वाटते. लाखो माणसे एका दिवशी, एका मैदानावर, शिस्तीने येतात, तेव्हा त्यांना आणणारी वस्त्यावस्त्यांतील मंडळे, दले आणि कार्यकर्ते आधीपासून उभे असावे लागतात. दीक्षाभूमीवर जमलेल्या जनसागराचे झरे महारपुऱ्यासारख्या वस्त्यांत होते. ते झरे कोठे होते हे प्रादेशिक इतिहासच सांगू शकतो.

३. पाच लोखंडी पेट्या

मून यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम म्हणजे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ ही ग्रंथमाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांच्या अप्रकाशित लिखाणाची जी परवड झाली, ती आपल्या समाजाला विसरता येणार नाही. ही हस्तलिखिते प्रथम दिल्ली उच्च न्यायालयाच्या अभिरक्षकाच्या ताब्यात होती आणि नंतर महाराष्ट्राच्या महाप्रशासकाकडे आली. पेट्यांना कुलपे होती आणि वारसांचे न्यायालयीन प्रश्न होते. नागपूरचे वकील ज. बा. बनसोड यांनी न्यायालयात दाद मागितली. हे लिखाण प्रसिद्ध करण्याची मला परवानगी द्या किंवा शासनाने ते प्रसिद्ध करावे, एवढीच त्यांची मागणी होती. महाराष्ट्र शासनाने १९७६ साली चरित्रसाधने प्रकाशन समिती स्थापन केली. पुढे मून तिचे विशेष कार्य अधिकारी झाले. पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी प्रकाशित झाला, आणि १९८१ साली बाबासाहेबांच्या कागदांच्या पाच लोखंडी पेट्या शासनाच्या शिक्षण खात्याच्या ताब्यात आल्या.

त्या पेट्यांतील कागद सलग ग्रंथांच्या रूपात नव्हते. कोठे टंकलिखित प्रत होती, कोठे हस्तलिखित. कोठे बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या, कोठे प्रकरणाचे नुसते शीर्षक. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हा ग्रंथ अशाच अपूर्ण कागदांतून उभा करावा लागला. मून आणि समितीतील त्यांचे सहकारी यांनी ठिकठिकाणी संपादकीय टीप देऊन हस्तलिखित किती पानांचे आहे, कोणता भाग मिळाला नाही, क्रम कशावरून लावला आहे, हे नमूद केले. ज्या वाक्याचा शेवट सापडला नाही ते अपूर्णच ठेवले. आपल्या आवडत्या ग्रंथकाराचे अर्धे वाक्य पुरे करण्याचा मोह आवरणे सोपे नसते. मून यांना तो आवरता आला, म्हणून आज अभ्यासक त्या पानांवर विसंबू शकतो.

पुढच्या वर्षांत खंड येत राहिले. तिसरा आणि चौथा खंड १९८७ साली निघाला. अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील अप्रकाशित लिखाण पाचव्या खंडात १९८९ साली आले. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे मूळ इंग्रजी रूप अकराव्या खंडात १९९२ साली पुन्हा छापले गेले. हिंदू कोड बिलाचा चौदावा खंड १९९५ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ या पत्रांचे पुनर्मुद्रणही त्यांच्याच संपादनाखाली १९९० साली झाले. ‘बहिष्कृत भारता’तील अग्रलेख त्याआधीच भुसावळच्या रत्नाकर गणवीर यांनी स्वतःच्या हिमतीवर पुस्तकरूपाने लोकांपुढे आणले होते, याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. सोळा खंडांवर संकलक म्हणून वसंत मून यांचे नाव आहे. सतरावा खंड त्यांच्या मृत्यूनंतर २००३ साली हरी नरके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संपादनाखाली आला.

४. चौथ्या खंडाचा प्रसंग

प्रकाशन ही केवळ छपाईची बाब नसते, हे चौथ्या खंडाने दाखवून दिले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या खंडातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून १९८८ च्या आरंभी महाराष्ट्रात वादळ उठले. अमरावतीत ग्रंथाची होळी करण्यात आली. ते प्रकरण वगळावे म्हणून मोर्चे निघाले. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आंबेडकरी जनतेचा विराट मोर्चा निघाला. अखेरीस मजकूर कायम राहिला. या प्रकरणातील मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप मात्र त्याला जोडण्यात आली.

या प्रसंगाचा राजकीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. आम्हांस येथे त्याचा वेगळा अर्थ सांगावयाचा आहे. त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या माणसांपैकी अनेकांना तो इंग्रजी ग्रंथ वाचता येत नव्हता. तरीही ग्रंथातील एक प्रकरण जसेच्या तसे राहावे म्हणून ती माणसे घरदार सोडून आली. संहितेचे रक्षण हे विद्वानांचे खासगी काम आहे, ही समजूत त्या दिवशी मोडली. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने एका ग्रंथाच्या अक्षराला हात लावू दिला नाही. अशी घटना भारताच्या ग्रंथेतिहासात विरळा आहे.

५. पाली अभ्यासकांवरील ऋण

मून यांच्या कार्याचा एक भाग पाली अभ्यासकांशी थेट संबंध राखणारा आहे, आणि त्याची चर्चा सामान्यतः होत नाही. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मूळ ग्रंथांचे संदर्भ दिलेले नव्हते. त्यामुळे हा बाबासाहेबांचा स्वतःचा कल्पित बुद्ध आहे, असे म्हणण्यास टीकाकारांना वाव मिळाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली आधार शोधून ही उणीव मोठ्या प्रमाणात भरून काढली. पुढे १९९५ साली अकराव्या खंडाची पुरवणी म्हणून या ग्रंथाची पाली व अन्य साधने सूचीसह प्रसिद्ध झाली. आता कोणताही जिज्ञासू त्या ग्रंथातील वचन निकायांत कोठे आहे, ते शोधू शकतो आणि बाबासाहेबांनी मूळ मजकुराची निवड व मांडणी कशी केली आहे, हे स्वतः तपासू शकतो. श्रद्धेला अभ्यासाचा आधार मिळाला.

सोळावा खंड १९९८ साली निघाला. त्यात बाबासाहेबांनी तयार केलेले पाली व्याकरण, पाली शब्दकोश आणि बौद्ध पूजापाठ समाविष्ट आहे. शब्दकोशाच्या एका भागात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती आणि हिंदी या चारही भाषांत दिले आहेत. राज्यघटनेचे काम, हिंदू कोड बिल, ढासळती प्रकृती आणि राजकारणाचा व्याप सांभाळणाऱ्या मनुष्याने शब्दामागून शब्द लिहून हा कोश रचला, ही गोष्ट जगापुढे आली ती या खंडामुळे. तो कागदांच्या ढिगात राहिला असता, तर बाबासाहेबांच्या धम्माभ्यासाची खोली सांगणारा एक मोठा पुरावा आपण गमावला असता.

पालीच्या परंपरेतून पाहिले असता मून यांचे काम आम्हांस अनोळखी वाटत नाही. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर महाकस्सपांच्या पुढाकाराने राजगृहात पहिली संगीती भरली, ती धम्म आणि विनय विस्कळीत होऊ नयेत म्हणून. पुढे कित्येक पिढ्या भाणकांनी तो मुखोद्गत राखला आणि सिंहलद्वीपात वट्टगामणी राजाच्या काळी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, तो ग्रंथनिविष्ट झाला. महापरिनिब्बान सुत्तात प्रमाणाची चर्चा येते, तीही इतिहासकाराने लक्षात ठेवावी अशी आहे. प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, संघाकडून ऐकले, अनेक थेरांकडून ऐकले किंवा एकाच थेराकडून ऐकले, असे कोणी म्हटले, तर त्याची लगेच स्तुती करू नये आणि निंदाही करू नये; सांगितलेले वचन सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे आणि जुळले तरच स्वीकारावे. याला चार महापदेश म्हणतात. वृद्ध कार्यकर्त्याची आठवण ऐकताना आणि जुने पत्रक वाचताना याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

६. ‘वस्ती’

१९९५ साली मून यांचे आत्मकथन ‘वस्ती’ या नावाने प्रसिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद गेल ऑमव्हेट यांनी केला, आणि एलिनॉर झेलियट यांच्या प्रस्तावनेसह तो २००१ साली अमेरिकेत निघाला. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले होते. तेव्हापासून दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरामोहरा बदलून टाकला होता. त्या परंपरेत ‘वस्ती’ थोडी वेगळी उभी राहते. या पुस्तकाचे नाव लेखकाच्या नावावरून, दुःखावरून किंवा जातीवरून पडलेले नाही. ते जागेवरून पडले आहे. एका मनुष्याच्या आयुष्याबरोबर येथे एक सबंध वस्ती बोलते : तिचे पैलवान, तिचे भजनी, तिचे गिरणीकामगार, तिचे सैनिक आणि तिच्या बायाबापड्या.

म्हणूनच आम्ही या पुस्तकाला प्रादेशिक इतिहासाचा ग्रंथ मानतो. १९८७ च्या ग्रंथात पुढाऱ्यांचा आणि संस्थांचा वृत्तान्त आहे. ‘वस्ती’त त्या पुढाऱ्यांच्या हाकेला ओ देणारी माणसे आहेत. एक ग्रंथ दुसऱ्याला पुरा करतो. चळवळीतील स्त्रियांचा स्वतंत्र शोध याच सुमारास मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात घेतला (१९८९). वस्त्यांतील वृद्ध स्त्रियांना भेटून, त्यांचे शब्द टिपून तो ग्रंथ सिद्ध झाला आहे. त्या भेटी आणखी दहा-वीस वर्षे लांबल्या असत्या, तर सांगणाऱ्यांपैकी कितीजणी उरल्या असत्या, याचा विचार ज्याने त्याने करावा.

७. आपल्यापुढील काम

सोळा खंड निघाले म्हणून काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. बाबासाहेबांच्या साहित्याची छपाई रखडल्याचे वृत्त वाचून मुंबई उच्च न्यायालयाला २०२१ च्या डिसेंबरात स्वतःहून दखल घ्यावी लागली. एकदा छापलेला ग्रंथ कायमचा उपलब्ध राहतो, असे नाही. त्यासाठी सतत मागणी करणारा, विकत घेणारा आणि वाचणारा समाज जागा असावा लागतो. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे दिसणारी गर्दी हे या जागृतीचे चिन्ह आहे. पण ग्रंथ विकत घेणारा समाज आपल्या वस्तीचा ग्रंथ लिहिणारा समाज केव्हा होणार, हा खरा प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यापुरता विचार करू. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरविली आणि १ जुलै १९०८ रोजी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. म्हणजे या जिल्ह्याची चळवळही ‘मूकनायक’हून जुनी आहे. सासवडच्या सभेला आलेली ती ५१ गावे कोणती, तेथून कोण आले होते, परत गेल्यावर त्यांनी काय केले, या प्रश्नांची उत्तरे गावोगावच्या वस्त्यांतच शोधावी लागतील. मुळशीच्या खोऱ्यात धरणाच्या पाण्याखाली गावे गेली, तेव्हा गावकुसाबाहेरची घरेही गेली. ज्याची जमीन वतनाची, ज्याचे पोट बलुत्यावर, त्याला गाव उठल्यावर काय मिळाले? सत्याग्रहाच्या इतिहासाला हा प्रश्न विचारणारे अभ्यासक आपल्यातूनच निघाले पाहिजेत.

हे काम करण्यास मोठ्या पदव्या लागत नाहीत. घोटावड्यासारख्या गावातील शिकलेल्या तरुण-तरुणींनी आपल्या वस्तीपासून आरंभ करावा. साधने आपल्या घरांतच आहेत. मंडळाच्या जुन्या इतिवृत्ताच्या वह्या, फेडरेशनच्या वर्गणीच्या पावत्या, सभेची हँडबिले, लग्नपत्रिका, समता सैनिक दलातील छायाचित्रे, विहाराच्या कोनशिलेवरील नावे आणि तारखा, हे सारे इतिहासाचे साहित्य आहे. शाळेच्या जुन्या पटावरून वस्तीतील पहिला मुलगा आणि पहिली मुलगी शाळेत केव्हा गेली, ते कळते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. तलाठी दप्तरातील फेरफार नोंदींवरून वतनाची जमीन कोणाच्या नावे लागली आणि पुढे ती कोणाकडे गेली, हे पाहता येते. ओव्या, पाळणे आणि जलशांतील गाणी म्हणणाऱ्या आजीबाई अजून काही घरांत आहेत. त्यांचे बोल त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि सांगितल्याची तारीख प्रत्येक पानावर लिहावी. भगवंतांचा उपदेश कोठे झाला हे ठिकाण सांगूनच सुत्ताचा आरंभ होतो, हा धडा आपल्या परंपरेनेच घालून दिलेला आहे.

लिहिताना आणखी दोन पथ्ये पाळावीत. पहिले, जे सापडले नाही ते कल्पनेने भरू नये. अर्धे वाक्य अर्धे ठेवण्याचा धडा मून यांनी घालून दिला आहे. दुसरे, जो आपल्या मताचा नव्हता त्यालाही त्याची जागा द्यावी. धर्मांतराला कचरणारा वृद्ध, दुसऱ्या पक्षात गेलेला कार्यकर्ता, देव्हाऱ्यातील देव काढताना रडलेली आई, हे सगळे वस्तीच्या इतिहासात आहेत. त्यांना वगळले, तर उरलेला वृत्तान्त खरा वाटणार नाही. छपाईला पैसा नसेल, तर चार प्रती लिहून काढाव्यात : एक विहारात, एक शाळेत, एक तालुक्याच्या ग्रंथालयात आणि एक आपल्या घरी ठेवावी.

वसंत मून २००२ च्या एप्रिल महिन्यात निवर्तले. ते महारपुऱ्यातून निघाले आणि मंत्रालयातील लोखंडी पेट्यांपर्यंत पोहोचले. पण त्यांनी महारपुरा सोडला नाही. एका हाताने बाबासाहेबांच्या लिखाणाचे खंड लावीत असताना दुसऱ्या हाताने ते आपल्या वस्तीची नोंद करीत होते. महापुरुषाचे दप्तर जपणे आणि त्याच्या मागे चाललेल्या सामान्य माणसाचे नाव जपणे, ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. पहिले काम त्यांनी शासनाच्या साहाय्याने पुष्कळसे पार पाडले. दुसरे काम कोणत्याही शासनाला करता येण्यासारखे नाही. ते ज्या त्या वस्तीने स्वतःच करावयाचे आहे, आणि सांगणारी माणसे आहेत तोवरच करावयाचे आहे.